गोजराबाईची दाढ

गोजराबाईचं तोंड सुजलं आणि पंचवटीतल्या सगळ्यांची तोंडं सुटली. ज्याच्या तोंडात स्वतःचे चार दात धड नाहीत, तोसुद्धा उपाय सांगायला पुढे. लवंग चाव, हळद चोळ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, अक्कलकाढा दाढेत धर, कडुलिंबाची काडी चघळ, तिळाचं तेल घोळव. उपाय सांगायला जातं काय? दुखणं दुसऱ्याचं, जीभ आपली.

एरवी गोजराबाईपुढे एवढं बोलायची कोणाची छाती नव्हती. मखमलाबादच्या वाटेवर तिचा मळा होता. शेवंती, झेंडू, गुलाब जे फुलेल ते पाटीत घालून ती पहाटे रामकुंडावर यायची आणि पायऱ्यांच्या वरच्या अंगाला बसून हार विकायची. तिचा आवाज असा खणखणीत, की भाव पाडायला आलेला भटजी "राहू दे बाई" म्हणत मुकाट्यानं हार उचलायचा. नवरा चिमाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे दीर सावळीराम आणि लेक सरू. मळ्याचा कारभार सावळीराम पाहायचा, पण बाजार, घर आणि सरू, या तिन्ही गोष्टी गोजराबाईनं आपल्या आवाजाच्या जोरावर सांभाळल्या होत्या. आता तोच आवाज बंद पडला. जबडा बोटभर उघडला तरी कानापर्यंत कळ जायची.

दाढ एका दिवसात बिघडली नव्हती. हार करणाऱ्या बायकांची एक सवय असते. सुई एका हातात, फुलं दुसऱ्या हातात, मग दोरा तोडायचा कशानं? दातानं. डाव्या बाजूच्या त्याच एका दाढेखाली ओला दोरा धरायचा, हिसका द्यायचा, की पुढचा हार सुरू. मागच्या सिंहस्थात तर यात्रा अशी लोटली होती की गोजराबाईला मान वर करायला फुरसत नव्हती. त्याच गर्दीत कधीतरी दाढेचा कपचा उडाला. खळगा पडला, खळग्यात भाकरीचा कण अडकू लागला, दाढ आतून काळी पडली. दुखायला लागली की ती वर मिश्री चोळायची. तंबाखूनं हिरडी बधिर व्हायची आणि दुखणं थांबलं असं वाटायचं. थांबत काहीच नव्हतं, आत मुरत होतं. आणि आता शेवंतीच्या ऐन दिवसांत हिरडीवर टचटचीत गळू आलं, गाल टम्म फुगला.

आणि वेळ कोणती? सरूला पाहून गेलेली निफाडची माणसं सुपारी फोडायला उद्यावर येऊन ठेपलेली.

स्थळ सावळीरामानं आणलं होतं. मुलगा यादव, घरची द्राक्षाची बाग, विहिरीला बारमाही पाणी, माणसं शब्दाची. एवढंच, की बिजवर. पहिली बायको वारली होती. गोजराबाईनं तेव्हाच विचारलं होतं, कशानं वारली?

"तापानं," सावळीराम म्हणाला होता.

"कोणता ताप?"

"ताप म्हणजे ताप, वयनी. तापाला काय नाव-गाव असतंय?"

असतं. प्लेगाचे दिवस पाहिलेल्या बाईला तापाचं नाव-गाव सांगावं लागत नाही. तिनं एकच अट घातली होती. सुपारी फुटायच्या आधी ती स्वतः, सगळ्यांसमोर, मुलाच्या आईला हा प्रश्न विचारणार. उत्तर पटलं तर सुपारी, नाही तर चहा पिऊन ज्यांनी त्यांनी आपल्या घरी. सावळीरामानं "बरं" म्हटलं होतं. सरूनं तर रात्री अंथरुणात हळूच विचारलं होतं, "आई, तू नक्की विचारशील ना?" आणि गोजराबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवून "विचारीन" म्हणून सांगितलं होतं. आता विचारायचं कसं?

सगळ्या पायऱ्यांवर एकालाही सुचलं नाही की बाई, आ कर, बघू तरी आत काय झालंय ते. सुचलं ते फक्त गुलजारबीला. गुलजारबी शेजारीच बांगड्या विकायला बसायची. तिनं बांगड्यांची पेटी मिटली, गोजराबाईची हनुवटी धरून तिचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि जेवढं उघडलं तेवढ्या फटीतून आत पाहिलं.

"पू झालाय आत," ती म्हणाली. "गुळण्यांनी बरं वाटेल घडीभर, पण दाढ आहे तोवर हे सुटायचं नाही. सरकारी दवाखान्यात चल. डॉक्टर गळू फोडतो, दाढ काढतो. आणि बाई, एक ऐक माझं. बाहेरून शेकू नको. पोटीस बिलकुल बांधू नको."

गोजराबाईनं भुवया उंचावून का, असं विचारलं.

"माझ्या पोराचा, रहेमानचा गाल पाहिलास ना? त्याला खळी पडते म्हणून सगळे हसतात. खळी कसली! माझ्या सासूनं गरम पोटिसं बांधली, त्यानं पू तोंडात फुटायच्या ऐवजी गाल पोखरून बाहेर आला. वाचला, अल्लाची मेहेर. सगळेच वाचतात असं नाही."

गोजराबाई तशीच उठली, पाटी सरूच्या डोक्यावर दिली आणि घरी जाऊन सावळीरामाला खुणेनं सांगितलं, टांगा आण. सावळीरामानं ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

"आता? उद्या पाव्हणे येणार आन तू आज दाढ उपटून रक्ताचं तोंड करून बसणार? लोक काय म्हणतील? परवा जाऊ. तवर काढा घे. दाढंनं काय कोण मरतंय व्हय?"

हे कोण म्हणत होतं? मागच्या उन्हाळ्यात स्वतःची दाढ ठणकली तेव्हा ज्यानं अर्ध्या जेवणावरून उठून टांगा मागवला होता तो. तेव्हा टांग्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन गोजराबाईच बसली होती आणि दवाखान्यात शिरेपर्यंत तो "मेलो, मेलो" म्हणून ओरडत होता. पुरुषाची दाढ दुखली की टांगा आणि बाईची दुखली की काढा, हा न्याय कोणत्या देवानं घालून दिला हे गोजराबाईला त्याच वेळी विचारायचं होतं. पण जबडा हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते कळेचं होतं की रागाचं, तिचं तिला कळलं नाही.

रात्र तिनं भिंतीला टेकून काढली. सकाळी ताप चढला. गाल आणखी ताठला आणि सरूनं हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधून दिलं.

दुपारी टांगा मळ्याच्या बांधाशी थांबला. मुलाची आई तानुबाई उतरली. ठसठशीत बाई, कपाळावर आडवं कुंकू, बोलण्यात साखर आणि हुकूम दोन्ही. तिच्यामागे यादव. रापलेला, तिशीच्या अलीकडचा, आईच्या मागे दोन पावलं चालणारा. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. मध्ये पितळी ताट, ताटात तांदूळ, त्यावर सुपारी. विधवेनं शुभकार्यात पुढे बसायचं नाही म्हणून गोजराबाईला आतल्या दाराच्या उंबऱ्याशी पाट दिला होता. पोटची लेक तिची, पण पाट उंबऱ्याशी.

पाहुण्यांचे पाय धुवून होईतो सावळीराम आत आला. हातात वाटी, वाटीत बाभळीच्या सालीचा काढा, त्यात तुरटी विरघळवलेली.

"ही गुळणी धर, वयनी. थुकायची नाय आन बोलायचं तर मुळीच नाय. बोललीस की गुण गेला, वैदूनं बजावून सांगितलंय. ठणका थांबल बघ."

ठणका थांबेल या आशेनं तिनं काढा तोंडात घेतला. तुरट, कोमट काढ्यानं घटकाभर खरंच बरं वाटलं. मग ओसरीवर बोलणी सुरू झाली आणि तिला कळलं की दिरानं तिच्या दाढेला नाही, तिच्या प्रश्नाला औषध दिलं होतं.

"आमच्या वयनीची काय हरकत नाय," सावळीराम ओसरीवर सांगत होता. "तिनं सगळं माझ्यावर सोपवलंय. व्हय ना, वयनी?"

गोजराबाईनं मान हलवली. नाही, नाही. पण मान हलवली की कळ मस्तकात जायची, आणि फडक्यात बांधलेली मान ती हलणार किती. घशातून नुसता "ऊं ऊं" एवढाच आवाज निघाला.

"हुंकार दिला," सावळीराम म्हणाला आणि त्यानं ताट पुढे ओढलं.

हुंकार! बाई गप्प असली तर होकार, कण्हली तर होकार, मान हलवली तरी होकार. मग नकार द्यायचा तरी कसा असतो? सरू चहाचे पेले घेऊन आली. पेले ठेवताना तिनं आईकडे असं पाहिलं, की गोजराबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. विचारीन म्हणून डोक्यावर हात ठेवला होता, आणि आता मिठाची गुळणी धरून बसल्यासारखी ती बसली होती. थुंकावं तर पाहुण्यांसमोर थुंकावं कुठे, आणि बोलावं तर जबडा आपला नव्हे.

सुपारी तेव्हाच फुटली असती. पण तानुबाईचं लक्ष फडक्याकडे गेलं. उपाय सांगायची खोड निफाडलाही असतेच.

"काय झालं इहीणबाईला? दाढ का?" ती पेला ठेवून उठली आणि उंबऱ्याशी येऊन बसली. "अगं बया, केवढी सूज ही! तुम्ही पोटीस नाय बांधलं? अवो, गव्हाच्या पिठाचं गरम पोटीस बांधा, हळद घालून. आमच्या घरात उपायाला कधी कमी नाय पडलं. आमच्या थोरलीची दाढ अशीच सुजली व्हती."

गोजराबाईची मान ताठ झाली. थोरली म्हणजे यादवाची पहिली बायको.

तानुबाई मोठ्या हौसेनं सांगत होती. "काय काय केलं म्हणून सांगू. पोटिसं बांधली, बिब्बा लावला. रिंगणीच्या बियांची धुरी दिली तर परातीतल्या पाण्यात किडे पडले किडे, मी माझ्या डोळ्यानं पाह्यले. म्हणलं, किडे पडले म्हंजी दाढ साफ झाली. दहा जणी बघायला आल्या."

रिंगणीच्या धुरीत पाण्यात पडतात ते तिच्याच बियांचे फुटलेले कोंब, हे मळ्यात वाढलेलं पोरही सांगेल. गोजराबाईनं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"ह्यो म्हणत व्हता, दवाखान्यात नेतो," तानुबाईनं यादवाकडे हात केला. "मी म्हणलं, येडा का काय? दाढंपायी कुणी घरची बाई दवाखान्यात नेतं? परक्या पुरुषापुढं तोंड वासून बसायला? आन पोर लय सोशीक हो, फडकं बांधून शेवटपर्यंत भाकरी बडवत व्हती. मग काय झालं, सूज गालाची गळ्याखाली उतरली. अन्न जाईना, पाणी जाईना. मग भरला ताप आन कोंडला श्वास. तापानंच गेली बिचारी. नशीब एकेकाचं. द्या, पीठ आना, मीच करून बांधते पोटीस."

आणि तिनं गोजराबाईच्या गालाकडे हात नेला.

गोजराबाईनं तो हात मनगटात पकडला. मग ती पाटावरून उठली. विधवेनं जिथे यायचं नाही तिथे, ओसरीच्या मधोमध आली. ताटातली सुपारी उचलून तिनं खाली घोंगडीवर ठेवली आणि तोंड उघडलं. बोटभर नाही, पुरतं उघडलं. आत काहीतरी फाटल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे काळोख आला आणि काढा, पू, रक्त, सगळं त्या पितळी ताटात पडलं. मंगल ताट ते. सावळीराम पाय भाजल्यासारखा मागे सरकला. तानुबाईनं पदर नाकाला लावला.

सगळ्यांना वाटलं, बाई आता पडणार. पण गळू फुटलं तसा जबडा मोकळा झाला होता. गोजराबाईनं पदरानं ओठ पुसले.

"ती तापानं नाय गेली," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण ऐकू येत होता. "दाढंनं गेली. तुमच्या पोटिसांनी गेली."

"अवो, दाढंनं कुणी मरतं का?" तानुबाई म्हणाली.

"तुमच्या घरात मेली की. आत्ताच तुम्ही सांगितलंत." तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "तिचं नाव काय होतं?"

तानुबाई गोंधळली. "कुणाचं?"

"जिला धुरी दिली तिचं. किती जणी बघायला आल्या ते ध्यानात हाय तुमच्या, नाव काय होतं तिचं?"

"थोरलीच म्हणायचो आम्ही तिला," तानुबाई पुटपुटली. नाव ओठांवर येत नव्हतं.

"गंगू," यादव म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला होता आणि त्यानं मान खाली घातली होती. "टांगा जुंपला व्हता मी. आईनं सोडायला लावला."

"आन तू सोडलास," गोजराबाई म्हणाली.

यादव वाईट होता असं नाही. कदाचित तो चांगलाही असेल. पण जो जुंपलेला टांगा आईच्या शब्दाखातर सोडतो, त्याच्या घरी लेक द्यायची तर तिचं दुखणंसुद्धा सासूला विचारून दुखणार. गोजराबाईला त्या पोराची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला.

तानुबाई आता सावरली होती. "दाढंपायी सोयरीक मोडता व्हय, इहीणबाई? लोक हसतील."

"दाढंपायी सून मरती, तवा कुणी हसलं का? मग सोयरीक मोडली तर का हसतील? हसू द्या. आन मी तुमची इहीण नाय."

टांगा गेल्यावर सावळीरामानं डोकं धरलं. माझी अब्रू घालवलीस, शब्द दिला होता, ताट बाटवलंस, काय काय तो बोलला. गोजराबाई ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तुम्हाला ठावं होतं?"

"होतं," तो म्हणाला. मग ओशाळून, "पर वयनी, ताप म्हणलं तर लोक हळहळतात. दाढ म्हणलं तर हसतात. दाढंचं काय सांगायचं, म्हणून नाय सांगितलं."

हाच तर सगळा घोळ होता. बाई कशानं मेली हे सांगायलासुद्धा मेल्यांना लाज वाटत होती. मारायला वाटली नव्हती.

"टांगा आणा," गोजराबाई म्हणाली. या वेळी सावळीरामानं आणला.

गुलजारबी वाटेत रामकुंडापाशी टांग्यात चढली. दवाखान्यातला डॉक्टर उतारवयाचा होता आणि फारसं बोलणारा नव्हता. तोंडात पाहून त्यानं एवढंच म्हटलं, की गळू आपोआप फुटलं हे नशीब, पण दाढ राहिली तर पुन्हा भरेल, आणि आणखी उशीर झाला असता तर सूज गळ्यात उतरली असती. सरू दाराशी उभी राहून हे ऐकत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दाढ निघाली तेव्हा गोजराबाईनं गुलजारबीचा हात असा आवळला, की गुलजारबीच्या दोन बांगड्या फुटल्या.

"फुटू दे," गुलजारबी म्हणाली. "बांगड्यांना काय तोटा!"

डॉक्टरनं दाढ पाण्यात धुऊन तिच्या तळहातावर ठेवली. एक बाजू काळी, पोखरलेली. दुसऱ्या बाजूला वरच्या कडेला बारीक खाच, घासून घासून गुळगुळीत झालेली. दोऱ्याची खाच. हजारो देवांच्या गळ्यातल्या हारांचे दोरे तिथे तुटले होते. गोजराबाईनं ती दाढ पदराच्या गाठीत बांधली.

पुढे चार-पाच दिवसांनी सूज उतरली आणि ती पुन्हा रामकुंडावर बसायला आली. आल्या आल्या पायऱ्यांवर नवे उपाय निघाले. दाढ काढल्यावर काय खावं, काय लावावं. गोजराबाईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ते आपापल्या कामाला लागले. आवाज परत आला होता.

सरू शेजारी बसून हार करत होती. हार पुरा झाला, तिनं गाठ मारली आणि सवयीनं दोरा डाव्या बाजूच्या दाढेखाली नेला. गोजराबाईनं तिचा हात धरला. कमरेची पिशवी सोडून तिनं एक कात्री काढली, भांडीबाजारातून नवी घेतलेली, आणि सरूच्या मांडीवर ठेवली. मग मुलीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं.

"आ कर," ती म्हणाली.

"सगळे बघतायत, आई."

"बघू देत. आ कर."

सरूनं तोंड उघडलं. गोजराबाईनं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून, सकाळच्या उन्हात, आपल्या लेकीचा एकेक दात नीट पाहिला.